धाकटीच्या गाडीचा परतावा

१२ जानेवारी

धाकटीची गाडी आज दारात उभी राहिली. रंग तिने निवडला आहे, पिवळाधमक. मी म्हटले, "अगं, ही गाडी आहे की शाळेची बस?" तर म्हणते, "ताई, लांबून दिसली पाहिजे." कोणाला, ते विचारायचे राहून गेले.

लहानपणी आलेल्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. हात मात्र माझ्यापेक्षा बळकट. इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजवर बसून तिने नोकरी पुरी केली आणि निवृत्तीच्या पैशांतून ही गाडी घेतली. तिच्या गाडीला पायांचे काम नाही. स्टिअरिंगखाली मिस्त्रीने एक दांडा बसवून दिला आहे. पुढे ढकलला की ब्रेक, खाली ओढला की वेग. ती चालवायला कधी शिकली, कोणाकडे शिकली, मला पत्ता नाही. पोस्टाने लायसन्स घरी आले तेव्हा कळले. मी काही बोलले नाही. म्हणजे, फार बोलले नाही.

आजवर तिला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे होते. कामावर, दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे. आता माझी जुनी गाडी विकून टाकली. एका घरात दोन गाड्या हव्यात कशाला?

संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. अपंग माणसाच्या गाडीला वाहनकर माफ आहे. पण माफ म्हणजे आधी पूर्ण भरायचा आणि मग परत मागायचा. लंगड्याला आधी पळवायचे आणि मग विचारायचे, दम लागला का! रक्कम लहान नाही, पण प्रश्न रकमेचा नाही. हक्काचे ते हक्काचे. धाकटी म्हणाली, "जाऊ दे ना ताई, मिळेल तेव्हा मिळेल." असे म्हणणाऱ्यांना कधीच मिळत नाही. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात जन्म घालवला आहे. अर्ज कसा करतात हे मला कोणी शिकवू नये.

२० जानेवारी

वाहनकराच्या कचेरीत गेले होते. धाकटीने सोडले. ती खाली गाडीतच बसली, कारण अपंग विभाग पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उतारावर मोडक्या खुर्च्यांचा ढीग रचून ठेवला आहे. उतार खुर्चीसाठी, एवढेच बहुधा त्यांच्या डोक्यात शिरले असावे.

चार नंबरच्या खिडकीमागचा कारकून सतत काहीतरी चघळत असतो. मी त्याचे नाव रवंथ ठेवले आहे.

"आजी, फॉर्म आणलाय का?"

"मी तुझी आजी नाही. असते तर तोंडात घास ठेवून बोलू दिलं नसतं."

त्याने चघळणे थांबवले, गिळले, आणि म्हणाला, "मॅडम, फॉर्म आणलाय का?" माणूस सुधारण्याजोगा आहे.

फॉर्म घेतला. पोच दिली. "कळवू," म्हणाला. विमा कंपनीत मीही लोकांना हेच सांगत असे. तेव्हा हा शब्द इतका उद्धट वाटत नव्हता.

२ फेब्रुवारी

धाकटी न्याहारीनंतर गाडी काढून गेली. गाडीत बसायची तिची एक पद्धत आहे. चाकाची खुर्ची दाराला लावायची, गुळगुळीत फळी मधे टाकायची, तिच्यावरून सरकत आसनावर जायचे, पाय एकेक करून हातांनी आत घ्यायचे, मग खुर्चीची चाके काढून ती मागच्या सीटवर ठेवायची. मी मदतीला पुढे झाले, तर "मधे येऊ नकोस ताई, दार लागेल" म्हणाली.

जेवायच्या वेळेला परतली. गाल लाल, केस विस्कटलेले.

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही."

"कुठेच नाही म्हणजे? पेट्रोलचा काटा बघितलास का?"

"बघितला."

काय उत्तर आहे हे! माणूस निघतो तो कुठेतरी जायला निघतो. मी तिला आजवर जिथे नेले त्या प्रत्येक जागेला नाव होते.

२४ फेब्रुवारी

पत्र नाही. पुन्हा खिडकी. रवंथ म्हणाला की स्वतः हाताने गाडी चालवणाऱ्या अपंगांची चाचणी एक समिती घेते. तिचा शेरा आल्याखेरीज परतावा नाही. समितीत तिघे असतात. एकजण निवृत्त झाला, त्याची जागा भरलेली नाही, दोघांची समिती बसू शकत नाही.

"मग ते दोघे काय करतात?"

"वाट बघतात, मॅडम. तुमच्यासारखीच."

हसू आले, पण त्याला दाखवले नाही.

११ मार्च

शेजारच्या शिंपीणबाईंच्या एका डोळ्याचे ऑपरेशन. त्यांना इस्पितळात धाकटीने नेले. त्यांनी तिला विचारले, मला नाही. मी तिथेच व्हरांड्यात बसले होते. मागे पोटाच्या ऑपरेशनला मीच नेले होते त्यांना. धाकटी परत कधी येणार ते सांगून गेली नाही. मी दोन ताटे वाढली, मग एक झाकून ठेवले.

संध्याकाळी आली ती हसतच. इस्पितळाच्या दारावरच्या रखवालदाराने म्हणे तिला ओळखले नाही, आवाज ऐकल्यावर ओळखले. "अहो, एक्सचेंजच्या ताई, तुम्ही? आणि ड्रायव्हर कुठाय?" ती म्हणाली, "हा काय, समोर बसलाय." हे तिने मला तीनदा सांगितले. मी म्हटले, ताट गार झालं.

२८ मार्च

पत्र नाही. पाठीत उसण. धाकटी बाहेर.

६ एप्रिल

आज रागाने मी कचेरीच्या मुख्य साहेबांना इंग्रजीत चांगले दोन पानी पत्र लिहिले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी वाचले असते तर स्वल्पविरामालाही हात लावला नसता. धाकटीला वाचून दाखवले. तिला कॉन्व्हेंटात घातले नव्हते. तिथे जिने फार, आणि आईचे म्हणणे, ताई शिकते ते पुरे, ती हिला सांगेल. मी शाळेतून येऊन तिला सगळे सांगत असे. चांगले आठवते, ती जमिनीवर बसून ऐकत असे आणि मी खुर्चीत.

पत्र ऐकून धाकटी म्हणाली, "ताई, यात माझं नाव एकदाच आलंय."

"विषयात आलं ना. पुरे आहे."

१५ एप्रिल

रवंथाने आज बोटाने जवळ बोलावले. माणूस आतून वाईट नाही.

"मॅडम, तुमच्या पत्रानं साहेब तापलेत. पण एक वाट आहे. हातानं गाडी चालवणाऱ्यांची फाईल वेगळी, आणि परावलंबी अपंगांची फाईल वेगळी. परावलंबी म्हणजे ज्यांना काहीच करता येत नाही, गाडी घरचं कोणी चालवतं. त्यांना समिती लागत नाही. पालकानं साहेबांपुढे शपथेवर जबाब द्यायचा, महिन्याभरात पैसे."

"पण ती स्वतः चालवते."

"कोण बघायला येतंय? कागदावर वर्ग बदलायचा, बस. फक्त जबाब जरा जोरदार द्या. साहेब कडक आहेत."

मी विचार करते म्हटले. खरे म्हणजे विचार करण्यासारखे काही नाही. दावा एका कलमात बसत नसेल तर तो दुसऱ्यात बसवायचा असतो. लोकांनी माझ्याशी हेच केले, आणि मी ते कितीदा ओळखूनही मंजूर केले, चांगले लिहिलेले असले तर.

२२ एप्रिल

जबाब झाला. आणि झाला तो असा की कचेरी महिनाभर विसरणार नाही.

धाकटीने नेले. दोन ट्रकांच्या मधल्या एवढ्याशा जागेत तिने गाडी उलटी घालून एका झटक्यात लावली. मी डोळे मिटून घेतले होते. "वर काय विचारणार आहेत?" तिने विचारले. "नेहमीचंच," मी म्हटले. नाहीतरी जिना चढून ती येऊ शकणार नव्हती.

साहेब खरोखरच कडक. कागदातून मान वर न काढता म्हणाले, "हं, बोला." मला शाळेत वक्तृत्वाची पदके मिळत. आवाज खाली न्यायचा, थांबायचे, शेवटचे वाक्य हळूच सोडायचे, हे अंगात भिनलेले आहे. शिवाय कोणत्या वाक्याला अधिकारी विरघळतो हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मी म्हटले, माझी बहीण स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला धरू शकत नाही. दार उघडायलासुद्धा तिला मी लागते. तिला व्यवहार कळत नाही, पैसे ओळखता येत नाहीत, चार माणसांत बोलता येत नाही. आयुष्यात ती माझ्याशिवाय घराबाहेर पडलेली नाही. मग थांबले. मग म्हटले, माझ्यामागे तिचे कोण, हा विचार मला जगू देत नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. टाइप करणारी बाई थांबली. शेवटचे वाक्य मात्र मी योजलेले नव्हते, ते आपोआप आले.

पालक म्हणून सही केली.

खाली आले तर धाकटी खिडकीची काच खाली करून एका ट्रकवाल्याशी गप्पा मारत होती. तो तिला दांड्याबद्दल विचारत होता आणि ती ओढून, ढकलून दाखवत होती. मी म्हटले, चल लवकर.

१६ मे

पैसे आले! पै न पै. परावलंबी वर्गात रक्कम पालकाच्या खात्यात जमा होते, त्यामुळे माझ्या. बँकेतून आल्या आल्या धाकटीला सांगितले. "बघ, मिळेल तेव्हा मिळेल म्हणत होतीस. मिळवावं लागतं."

ती म्हणाली, "खरंच गं ताई, तू म्हणून झालं." आणि माझा हात धरला. तिचा हात खरखरीत झाला आहे, दांड्याने. घट्टे पडलेत.

आजचा दिवस चांगला गेला. असे फार दिवसांनी लिहिते आहे.

३० मे

कचेरीतून जाड पाकीट आले, धाकटीच्या नावाचे. तिनेच फोडले. मी भाजी चिरत होते.

तिने मोठ्याने वाचले, तिच्या त्या एक्सचेंजच्या आवाजात, ज्यात बाळंतपण आणि मरण एकाच सुरात जोडून देतात. वाहनधारक परावलंबी असल्याचे शपथेवर सिद्ध झाल्याने तिचे लायसन्स रद्द केले आहे. ते जमा करावे. गाडीतील हाताने चालवायचे साधन पंधरा दिवसांत काढून टाकावे. यापुढे वाहन पालकाने चालवावे. सोबत जबाबाची प्रत.

मी म्हटले, दे इकडे. तिने दिले नाही. प्रतही वाचली. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. एक शब्द गिळला नाही.

"हे तू बोललीस?"

"अगं, ती भाषा असते. दाव्याची. तसंच बोलावं लागतं."

"भाषा चांगली आहे," ती म्हणाली. मग पान मागे उलटून, "मला पैसे ओळखता येत नाहीत?"

"धाकटे, कागदावरचं आहे ते."

"आणि मी खाली होते. गाडीत. तुला घेऊन आले होते मी."

मी म्हटले, शेवटचं वाक्य तरी खरं आहे ना? माझ्यामागे तुझं कोण, हा घोर मला नाही का?

तिने कागदाची घडी घातली. "उलटं लिहायला हवं होतंस ताई. माझ्यामागे तुझं कोण, असं."

याचा अर्थ मला लागला नाही. मोठी मी आहे, आधी मी जाणार. सरळ गोष्ट आहे.

१ जून

मी सगळे निस्तरीन असे तिला सांगितले. फोनवर रवंथाला गाठले. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, जबाब मागे घेतलात तर तो खोटा होता असं तुम्हीच लिहून द्यायचं. मग परतावा परत, वर दंड, आणि साहेबांनी मनावर घेतलं तर खटला. कशाला? मिटलंय ना सगळं." मी म्हटले, सोमवारी येते.

४ जून

गुडघा धरला. बसने जाणे शक्य नाही.

९ जून

आज जाणार होते. साहेब रजेवर असावेत असे वाटले.

१० जून

रजेवर नव्हते, असे कळले.

१३ जून

मिस्त्री येऊन दांडा काढून गेला. मुदत संपत होती, उगाच आणखी दंड नको म्हणून मीच बोलावले. त्याला कारण माहीत नव्हते. "चुकलं काय, ताई?" तो धाकटीला विचारत होता. "माझ्याकडं गाडी शिकायला येणाऱ्यांना मी तुमचं उदाहरण देतो." धाकटी म्हणाली, "काही नाही हो, कंटाळा आला." त्याचे पैसे तिने दिले. दांड्याच्या जागी दोन भोके राहिली आहेत. रबराची बुचे लावतो म्हणाला, पण आणायला विसरला होता.

१८ जून

आज बऱ्याच दिवसांनी मी गाडी चालवली. सीट पुढे घ्यावी लागली. हात अजून बसलेला आहे! गाडी छान आहे, हलकी. बाजारात लोक वळून बघतात, तो रंग. धाकटीला म्हटले होते, चल, तुला कुठे म्हणशील तिथे नेते. नको म्हणाली. "अगं, कुठेच नाही तर कुठेच नाही, तिथे नेते," असे मी गमतीने म्हटले. ती उठून, म्हणजे खुर्ची वळवून, आत गेली.

गंमतसुद्धा करायची नाही का माणसाने?

२ जुलै

धाकटी दिवसभर खिडकीशी बसते. रागावलेली नाही. रागावली असती तर बरे, राग मला समजतो. जेवते, बोलते, कपड्यांच्या घड्या घालते. काही विचारले तर उत्तर देते. पण काही हवे असले तर सांगत नाही. काल वरच्या फळीवरचा डबा तिने काठीने ओढला आणि तो फुटला. मी शेजारच्या खोलीत होते. हाक मारली असती तर?

तुकडे तिने स्वतः गोळा केले. बोट कापले. मी पट्टी बांधायला गेले, तर म्हणाली, "मला बांधता येते ताई. पेला नाही धरता येत, पण पट्टी येते."

शिंपीणबाई दुसऱ्या डोळ्याला कधी जायचे विचारायला आल्या होत्या. मी नेईन म्हटले. त्या धाकटीकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "तुम्ही सांभाळून चालवा हं."

७ जुलै

रात्री झोप नाही. शाळेत आम्हाला शनिवारी चॅपलमध्ये रांगेने नेत. मी त्या धर्माची नव्हते, मला मागच्या बाकावर बसवून ठेवत. मुली एकेक करून पाद्र्याला आपली पापे सांगायला जाळीमागे जात आणि दोन मिनिटांत हलक्या होऊन येत. मला वाटे, किती सोपे आहे. पलीकडचा माणूस बघत नाही, नाव विचारत नाही, पावती देत नाही.

गुडघा बरा आहे. तो तसा बरेच दिवस बरा आहे.

८ जुलै

बसने गेले. गाडी काढावीशी वाटली नाही.

चार नंबरला रांग होती. माझी पाळी आल्यावर मी हळू आवाजात म्हटले, "जबाब मागे घ्यायचा आहे."

"काय? पंख्यात ऐकू येत नाही, मॅडम. मोठ्यानं."

"माझा जबाब. मागे घ्यायचा आहे."

"परतावा मिळाला ना?"

"तोही परत घ्या."

रवंथाचे चघळणे थांबले. "परतावा परत घ्यायचा फॉर्मच नाही आमच्याकडे. आजवर कोणी दिलेलाच नाही." मग त्याने पुढे वाकून, खरोखर काळजीने विचारले, "अहो, पण कारण काय लिहू?"

मागचा माणूस म्हणाला, "आटपा हो लवकर, आजी."

मी त्याला काही बोलले नाही. खिडकीला तोंड लावून पंख्यावरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटले, "लिहा की मी शपथेवर खोटं बोलले. माझ्या बहिणीला सगळं येतं."

या वाक्याला आवाज खाली न्यायचे, थांबायचे, काही जमले नाही. चिरकला.

घरी येऊन धाकटीला सांगितले. तिने पेन्सिल खाली ठेवली. शब्दकोडे सोडवत होती.

"मोठ्यानं म्हणालीस?"

"हो."

"रांग होती?"

"होती. जिन्यापर्यंत."

"मग? काय म्हणाले लोक?"

"एक जण म्हणाला, आटपा लवकर, आजी."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग परत जागेवर गेला. "बरं," म्हणाली आणि पेन्सिल उचलली.

मला वाटले होते, आणखी काहीतरी म्हणेल.

२९ जुलै

दंड भरला. परतावाही त्यांनी शेवटी घेतला, "इतर जमा" या सदराखाली. खटला नाही, साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांना फाईल वाचायचा कंटाळा आहे. आळसाचे उपकार होतात कधीकधी. पण लायसन्स? ते रद्द झाले ते झालेच. पुन्हा हवे तर धाकटीने समितीपुढे चाचणी द्यायची. समितीत अजून दोघेच आहेत.

म्हणजे जानेवारीत होतो तिथेच. नाही, तिथे नाही. जानेवारीत तिच्याकडे दांडा होता, आणि बोलून सांगण्यासारखे पुष्कळ होते.

६ ऑगस्ट

पत्र नाही. शिंपीणबाई डोळ्याच्या ऑपरेशनला टॅक्सीने गेल्या.

१९ ऑगस्ट

सकाळी फोन वाजला. धाकटी जवळ होती, तिने उचलला. "बोला." जरा वेळ ऐकून घेतले आणि रिसीव्हर माझ्यासमोर धरला.

"पालक हव्यात."

रवंथ होता. खुशीत होता. समितीची तिसरी जागा भरली. येत्या सोमवारी चाचणी, आणि खटपट करून त्याने धाकटीचे नाव पहिले लावले आहे. "दहाला घेऊन या त्यांना. गाडीला ते साधन पुन्हा बसवून आणा. अर्ध्या तासाचं काम."

घेऊन येते, हे शब्द माझ्या जिभेवर आलेच होते.

"थांबा," मी म्हटले. "तिला विचारते."

"यात विचारायचं काय, मॅडम? तुम्हीच तर एवढ्या चकरा..."

"विचारते म्हटलं ना."

रिसीव्हरवर हात ठेवून तिला सगळे सांगितले. ती वर्तमानपत्र वाचत होती, वाचतच ऐकले.

"तिघांच्या पुढे मी काय करायचं?"

"चालवून दाखवायचं. हातांत जोर आहे हे दाखवायचं."

"पेला धरून दाखवायचा?"

मी रिसीव्हर आणखी दाबून धरला.

"आणि पैसे ओळखून?"

"धाकटे, तो थांबलाय."

"हं." ती पानावरची कुठलीशी बातमी शेवटपर्यंत वाचत राहिली. माझा हात रिसीव्हरवर अवघडला. आतून रवंथाचा "हॅलो, हॅलो" असा बारीक आवाज येत होता. मला सांगायचे होते की ही समिती पुन्हा बसेल की नाही देव जाणे, की तिसरा माणूसही म्हाताराच असेल, की मी त्या खिडकीपुढे कशी उभी राहिले ते तिने बघितले असते तर. यातले एकही वाक्य मी सुरू केले नाही. तिने मान वर केली होती.

"आत्ता मला सवड नाही," ती म्हणाली. "त्यांना थांबायला सांग."

मी रिसीव्हर कानाला लावला. "तिला आत्ता सवड नाही. तुम्ही थांबा." आणखी दोन वाक्ये जोडायची फार इच्छा झाली. जोडली नाहीत.

"थांबा? अहो, किती दिवस?"

मी तिच्याकडे पाहिले. तिने पान उलटले.

"ते तिनं सांगितलेलं नाही," मी म्हटले.

तिने हात पुढे केला. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला, आणि फोन तिने ठेवला.